‘आतून कडी’ : एका दीर्घांकाच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

नवी पेठेतील नेहमीच्या सभागृहात आज संहितेचे पहिले वाचन झाले. नाटकातले सुहास आणि बंडू हे दोघे कसबा पेठेतील एका जुन्या वाड्यात शेजारी लहानाचे मोठे झाले आहेत. बंडूला डाउन सिंड्रोम आहे. तो आता ३१ वर्षांचा असून वाड्याच्या दर्शनी भागातील खानावळीत डबे भरण्याचे काम करतो. सुहास लग्नानंतर बाणेरला राहायला गेला आहे, मात्र बंडूच्या वडिलांना त्यांच्या अखेरच्या आजारपणात त्याने ‘मी आहे, काळजी करू नका’ असा शब्द दिलेला आहे. वाडा पुनर्विकासाला निघतो आणि तिथून नाटक सुरू होते.

संवाद चटपटीत आहेत आणि वाड्यातली माणसे नेमकी उतरली आहेत. तरीही काहीतरी बिनसले आहे हे वाचन अर्ध्यावर येण्याआधीच सर्वांना जाणवले. बंडू प्रत्येक प्रवेशात फक्त देतो. तो सुहासला हसवतो, त्याचे भांडण मिटवतो, त्याला रडू कोसळले की पाण्याचे भांडे पुढे करतो, आणि अखेरीस सुहास शहाणा होऊन प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो. वाचन संपल्यावर प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राने एवढेच विचारले : “बंडूला स्वतःला काय पाहिजे आहे?” लेखिकेने पाने मागेपुढे केली. त्याचे उत्तर देणारे वाक्य संहितेत कुठेच नव्हते. ते सापडेपर्यंत पुढचे वाचन लावायचे नाही, असे ठरले.

२४ नोव्हेंबर २०२४

वैद्यकीय बाजू लेखिकेने आणि मी एकत्र बसून समजून घेतली. माणसाच्या पेशीत सर्वसाधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आली की ती ४७ होतात; हाच डाउन सिंड्रोम. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले होते, पण त्यामागचे गुणसूत्राचे कारण उजेडात यायला १९५९ साल उजाडले, आणि तोवर आईच्या वागण्याखाण्यापासून पूर्वजन्मीच्या पापापर्यंत काहीही कारण म्हणून चिकटवण्यास लोकांना मोकळीक होती. पहिल्या खर्ड्यात बंडूचे वडील हे सर्व अर्ध्या पानाच्या स्वगतात सांगत होते. ते स्वगत काढले. रंगमंचावर माहितीपत्रक वाचून दाखवणारे पात्र आले की प्रेक्षक खुर्चीत मागे रेलतो, हा आजवरचा अनुभव आहे. त्यातील दोन वाक्ये प्रयोगाच्या पत्रिकेत छापू.

नाटकाच्या खरोखर उपयोगी पडेल अशी गोष्ट निराळीच निघाली. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बाळांना जन्मतःच हृदयदोष असतो. त्यावरच्या शस्त्रक्रिया वेळेत होऊ लागल्या, उपचार सुधारले, आणि अमेरिकेत १९८३ च्या सुमारास जे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते ते आता साठीच्या घरात गेले आहे. म्हणजे ‘हे मूल फार दिवसांचे नाही’ असे ज्या आईबापांना डॉक्टरांनी सांगितले होते, त्यांच्याच पश्चात ते मूल आता जगणार आहे. ‘आमच्या माघारी याचे कसे?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. बंडूच्या वडिलांनी सुहासकडून शब्द घेतला तोही त्यामुळेच. या मैत्रीवर एका मेलेल्या माणसाला दिलेल्या वचनाचे ओझे आहे, हे ध्यानात आल्यावर सुहासची भूमिका एकदम जड झाली, आणि ते चांगलेच झाले.

८ डिसेंबर २०२४

कोथरूड आणि धायरी भागातील काही कुटुंबांना भेटलो. बहुतेक ठिकाणी आपण काय विचारावे हे आपल्याला कळत नाही, आणि काय सांगावे हे समोरच्याला कळत नाही. चहा होतो, शाळेचे फोटो दाखवले जातात. एका घरी मात्र आईने बोलता बोलता सांगितले की मुलगा आठ वर्षांचा असताना न्हाणीघरात अडकला होता. कडी लागली ती त्याला काढता येईना, आतून रडण्याचा आवाज, बाहेर ही माणसे. शेवटी सुताराला बोलावून दार बिजागरीतून उतरवावे लागले. त्या दिवशी घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढल्या गेल्या. मुलगा आता २७ वर्षांचा आहे. कड्या पुन्हा बसवायला हव्यात, असे मधल्या काळात कोणालाही वाटलेले नाही.

मुलगा तिथेच पलंगावर बसून कागदी पिशव्यांना दोऱ्या लावत होता. त्याने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही, पण शब्द स्वच्छ आले : “माझी खोली. माझी कडी.” आई म्हणाल्या, “हो रे, बघू,” आणि आम्हाला आणखी चिवडा वाढला.

परतताना म्हात्रे पुलावर गाडी बाजूला घेऊन लेखिकेने वहीत लिहून घेतले. बंडूला वाडा सोडायचा आहे. बिल्डरने आणलेल्या नकाशात त्याच्या खोलीला दार आहे, आणि त्या दाराला आतून कडी असणार आहे. वाडा सुटला तर हा कोलमडेल असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले आहे. सुहास तर ‘बंडूसाठी’ म्हणून बिल्डरशी कोर्टात भांडतो आहे. ज्याच्या नावाने हा लढा चालला आहे त्याला एकदाही विचारलेले नाही. नाटकाचे नावही आजच मिळाले.

१५ डिसेंबर २०२४

बंडूची भूमिका कोणी करावी यावर आज बराच वाद झाला. आमच्यातील एक अनुभवी नट ती उत्तम ‘वठवेल’ असे दोघांचे म्हणणे होते, आणि तो नट खरोखरच कसबी आहे. माझे मत त्याविरुद्ध पडले. कसब दिसू लागले की प्रेक्षक नटाला दाद देतो आणि बंडू बाजूला राहतो. शिवाय डाउन सिंड्रोम असलेल्या, आपल्या पुण्याच्याच गौरी गाडगीळ या जलतरणपटूच्या आयुष्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट आला तेव्हा त्यात तिने स्वतः काम केले होते. डाउन सिंड्रोम असलेला स्पेनचा पाब्लो पिनेदा याला २००९ मध्ये सॅन सेबास्टियनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘त्यांना जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर जगाने केव्हाच देऊन ठेवले आहे. आपल्याला तालमी तशा घेता येतील का, एवढेच पाहायचे.

कागदी पिशव्यांच्या तरुणाला विचारले. त्याने आधी खानावळीतला डबा खरा असणार का, हे विचारून घेतले आणि मग होकार दिला. घरच्यांच्या इच्छेनुसार त्याचे नाव या नोंदींत येणार नाही. त्याच्यासाठी भूमिकेचेच नाव इथे वापरत आहे.

५ जानेवारी २०२५

हौशी संस्थांच्या तालमी रात्री साडेनऊला, सर्वांची ऑफिसे सुटल्यावर सुरू होतात. बंडूला ही वेळ अशक्य आहे. त्याला थायरॉइडची गोळी आहे, रात्रीची झोप श्वास अडखळल्यामुळे तुटक होते, आणि या दोन्ही गोष्टी डाउन सिंड्रोममध्ये नित्याच्याच आहेत. तालमी रविवारी सकाळी नऊ ते बारा आणि बुधवारी संध्याकाळी सहा ते साडेसात अशा लावल्या. दोघांनी कुरकुर केली, त्यातला एक आता येत नाही.

१९ जानेवारी २०२५

पद्धत हळूहळू बसते आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ऐकलेले वाक्य ध्यानात ठेवणे बंडूला कठीण जाते, पाहिलेले मात्र पक्के राहते. त्यामुळे संहितेऐवजी त्याच्याकडे चित्रांचे तक्ते आहेत. प्रत्येक तक्त्यावर प्रवेशातील एक कृती आणि मोठ्या अक्षरांत त्याचे वाक्य आहे. वाक्ये लेखिकेने छोटी केली, पण बाळबोध होऊ दिली नाहीत. तोंडाच्या स्नायूंच्या सैलपणामुळे जोडाक्षरे अडखळतात. ‘पुनर्विकास’ हा शब्द त्याने स्वतःच नाकारला आणि ‘नवी बिल्डिंग’ म्हटले, ते तसेच ठेवले. डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून सुहास त्याच्या उजवीकडे. जागा जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून दाखवल्या आहेत. एका तालमीत एकच बदल करायचा, दुसरा सुचला तरी तो पुढच्या खेपेला.

सर्वांत अवघड गेले ते वाट पाहणे, आणि तेही बंडूला नाही, आम्हाला. चौथ्या प्रवेशात सुहास विचारतो, “तुला वाडा सोडायचाय?” त्यावर बंडूचे उत्तर यायला आठ-दहा सेकंद लागतात. प्रश्न आत जातो, तिथे फिरतो आणि मग उत्तर येते. सुहास करणारा नट चपळ आहे, विराम दिसला की तो भरून काढतो, दुसऱ्याच सेकंदाला “म्हणजे नाही ना?” असे स्वतःचेच वाक्य टाकून मोकळा होत असे. त्याला दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवायला सांगितले, आणि बंडू वर पाहीपर्यंत ते उचलायचे नाहीत अशी अट घातली. आज त्याने ती पाळली. बोटांना कंप होता, नजर एकदा प्रॉम्प्टरकडे गेली, पण तो थांबला. आणि “हो. सोडायचाय” हे उत्तर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते तालमीत शिकवून आले नसते. आयुष्यभर याच्या वतीने उत्तरे देत आलेला माणूस पहिल्यांदाच ऐकतो आहे, हे दिसले. नाटकाची लय यापुढे या विरामावर बांधायची.

एक निरीक्षण, थोडे गमतीचे. नटांची मैत्री आपोआप जमेल असे सर्वांनी गृहीत धरले होते. बंडूला सुहास करणारा नट अजिबात आवडत नाही. त्याची दोस्ती प्रकाशयोजनेवाल्याशी आहे, कारण तो त्याला डिमर, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमीजास्त करणारे बटण, फिरवू देतो.

२ फेब्रुवारी २०२५

पहिल्या प्रवेशात दोघे मित्र अंगणात झोंबाझोंबी करतात आणि बंडू कोलांटी घेतो, असे होते. कोलांटी काढली. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील सांधा काही जणांत सैल असतो आणि मानेवर भार येणाऱ्या उड्या धोक्याच्या ठरू शकतात. बंडूच्या डॉक्टरांनीही टाळायला सांगितले. तिथे आता कॅरम आहे. बंडू खोटे खेळतो आणि पकडला गेला की भांडतो.

९ फेब्रुवारी २०२५

आज बंडू तालमीला उभाच राहिला नाही. चहा नेहमी तालमीआधी येतो, आज टपरीवाल्याने उशीर केला. समजूत, विनवणी, आईंचा फोन, सर्व झाले. चहा साडेदहाला आला, साडेदहाला तालीम सुरू झाली. दुसरीकडे, तो इतरांची वाक्येही पाठ करून बसला आहे. सुहासने डबा न देताच पुढचे वाक्य घेतले तेव्हा तो जागेवरून हलला नाही आणि म्हणाला, “आधी डबा दे.” प्रॉम्प्टरची गरज कोणाला आहे, हा प्रश्न संस्थेपुढे उभा आहे.

उरलेल्या वेळात पालकत्वाचा प्रवेश वाचला. सुहास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बंडूचा कायदेशीर पालक होण्यासाठी अर्ज आणतो. हे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीपुढे जातात. लेखिकेने वकील मैत्रिणीकडून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा समजून घेतला आणि तिथे एक विलक्षण गोष्ट हाती लागली. त्या कायद्याच्या कलम १४ मधील मर्यादित पालकत्व म्हणजे एकत्र निर्णय घेण्याची पद्धत. परस्परांची समजूत आणि विश्वास यांवर ती चालते, ठरावीक निर्णयापुरती आणि ठरावीक काळापुरती असते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणेच चालावी लागते. मैत्रीची याहून चांगली व्याख्या कायद्याच्या पुस्तकात असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. अर्थात ती रंगमंचावर वाचायची नाही. सुहास अर्ज पुढे करतो, बंडू तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या खोलीचे चित्र काढतो आणि दाराला कडी काढून त्याखाली स्वतःचे नाव लिहितो. प्रवेशात एवढेच घडते.

२३ फेब्रुवारी २०२५

नेपथ्याच्या खर्चासाठी एका सेवाभावी मंडळाशी बोलणे चालले होते. त्यांची तयारी होती, फक्त जाहिरातीत ‘प्रेरणादायी’ हा शब्द ठळक हवा, बंडूच्या गळ्यात पदक असलेला फोटो हवा, आणि शेवटी त्याने काहीतरी जिंकलेले दाखवले तर उत्तम, असे त्यांचे म्हणणे पडले. माणसे भली आहेत, हेतूही चांगला आहे. पण त्यांना हवे असलेल्या नाटकात बंडू प्रेक्षकांसाठी जिंकतो, आमच्या नाटकात तो प्रेक्षकांच्या तोंडावर दार लावून घेतो. दोन्ही एका फलकावर मावणार नाहीत. त्यांचे आभार मानले. नेपथ्य आता एक चौकट, एक दार, टेबल आणि कॅरम बोर्ड इतकेच राहील.

२ मार्च २०२५

तिकीट लावायचे तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हवे, त्यासाठी अंतिम संहिता पाठवली. बंडूची तालमीत घडलेली वाक्ये लेखिकेने आहेत तशीच उतरवली आहेत. दार मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणले, सागवानी आहे. कोयंडा ढिला होता, नवा बसवला. कडीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवा, म्हणून पितळी कडीऐवजी जाड लोखंडी घेतली.

बंडू विंगेत उभा असताना स्वतःशी बोलतो, आणि ते पहिल्या दोन रांगांना ऐकू येते. व्यवस्थापकाने त्याला गप्प करावे असे सुचवले. डाउन सिंड्रोम असलेली अनेक मोठी माणसे असे मोठ्याने बोलून मनातली जुळवाजुळव करतात. ते बंद पाडले तर तो प्रवेशच विसरेल. त्याची थांबण्याची जागा विंगेतून मेकअपच्या खोलीत हलवली आणि वेळेवर आणून सोडायला एक माणूस दिला.

२१ मार्च २०२५

आज जागतिक डाउन सिंड्रोम दिन; एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती म्हणून तिसऱ्या महिन्यातील एकवीस ही तारीख, २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे पाळली जाते. या निमित्ताने रंगीत तालमीला काही कुटुंबांना आणि ओळखीच्या रसिकांना बोलावले. तांत्रिक बाजू चोख झाली. अडचण अनपेक्षित ठिकाणी आली. बंडूने पाऊल टाकताच टाळ्या पडल्या, आणि पुढे प्रत्येक वाक्यावर पडत राहिल्या. टाळ्या कशाबद्दल, तर तो आला आणि बोलला याबद्दल. त्या आवाजात त्याचे वाक्य बुडाले, सुहासचे बुडाले, आणि चौथ्या प्रवेशातल्या विरामात कोणीतरी “शाब्बास” म्हणाले. टाळ्या वाजवत नव्हत्या त्या फक्त समोर बसलेल्या आया. त्या नाटक पाहत होत्या.

२६ मार्च २०२५

उपाय लेखिकेने शोधला. बंडूचा पहिला प्रवेश आता हसतमुख नाही. तो पाठमोरा येतो, डबे आपटतो आणि उशिरा आलेल्या सुहासला झापतो : “दोन वाजले. तुझी लाज वाटते मला.” झापणाऱ्या माणसाला शाबासकी देता येत नाही. बंडूला हे वाक्य इतके आवडले आहे की सुहास करणाऱ्या नटाला ते तालमीबाहेरही ऐकावे लागते.

५ एप्रिल २०२५

शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचावर पहिला प्रयोग. जागा लहान, प्रेक्षक हाताच्या अंतरावर, त्यामुळे काही लपत नाही. पहिल्या वाक्याला हशा आला, टाळी आली नाही. चौथ्या प्रवेशातील विराम तालमीपेक्षाही लांबला. सुहासचे तळवे टेबलावर होते आणि मी मागे उभा राहून तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांचा खोकला मोजत होतो. उत्तर आले.

शेवटी बंडू नव्या खोलीत जातो. सुहास दाराशी उभा राहून “मी आत येऊ?” असे विचारतो. त्याने परवानगी मागितलेली नाटकभरात ही पहिलीच वेळ. बंडू म्हणतो, “आत्ता नको. उद्या ये,” आणि कडी लागते. प्रयोगानंतर दोघा-तिघांनी तक्रार केली की मित्राला बाहेर ठेवून नाटक संपवणे कठोर आहे. ‘उद्या ये’ त्यांच्या कानावरून गेले असावे. पुढच्या प्रयोगात सुहास त्यानंतर घाईने न वळता क्षणभर रेंगाळेल. आमचा घामाघूम नट मेकअप पुसत असताना बंडूने त्याच्या हातात पाण्याची बाटली आदळली आणि आज डबा वेळेवर दिल्याचे मान्य केले.

१३ एप्रिल २०२५

हिशेब. तिकीटविक्रीतून भाडे, प्रकाश आणि टेम्पो वजा जाता थोडी रक्कम उरली. हौशी संस्थेत नटांना पैसे देण्याची पद्धत नाही, ती संस्थेच्या खात्यात जाते. पण बंडूने कोणाकडून तरी ऐकले होते, त्याने सरळ विचारले : “काका, माझी नाईट?” नाईट म्हणजे नटाला दर प्रयोगामागे मिळणारे मानधन. बैठकीत यावर विचार झाला आणि सर्वच नटांना सारखी नाईट द्यावी असे ठरले. रक्कम किरकोळ आहे. त्याने पाकिटातल्या नोटा मोजल्या, वहीत सही केली आणि सुहासच्या नावापुढे किती लिहिले आहे तेही तपासले.

पुढची नाईट त्याला स्वतःच्या बँक खात्यात हवी आहे. खाते उघडायला आई त्याला घेऊन गेल्या, तेव्हा पालकत्वाचे प्रमाणपत्र आणल्याशिवाय अर्जही घेता येणार नाही असे उत्तर मिळाले. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ दिव्यांग व्यक्तींना स्वतःचे आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीने सांभाळण्याचा हक्क देते. वकील मैत्रिणीने त्या कलमाचा उल्लेख करून पत्र तयार केले, बंडूने अर्जावर स्वतःची सही केली आणि दोन्ही परवा दाखल करून पोच घेतली. भरत नाट्य मंदिरातील प्रयोग २६ एप्रिलला आहे. तोवर खाते झाले नाही तर त्याची नाईट पाकिटातच द्यायची.